न मिटणारा लॅपटॉप

थोरली सून घरी बसून भाषांतरं करायची. एका सकाळी तिच्या लॅपटॉपची बिजागरी तुटली. पडदा चालू होता, पण मान टाकून पडला. दुरुस्तीचा आकडा ऐकून ती दुकानातून आल्या पावली परतली.

सासरे मुरलेले सुतार. म्हणाले, "मिटणार नाही, पण उभा राहील बघ." त्यांनी फळीला खाच पाडून पडदा तिच्यात बसवला आणि लॅपटॉपसकट फळी टेबलाला घट्ट आवळली.

संध्याकाळी नवरा नेहमीसारखा मॅच बघायला लॅपटॉप न्यायला आला. हिसका दिला, तरी तो हलेना.

"अगं, हा निघत का नाही?"

"बाबांनाच विचार!" ती हसत म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढून तिने अर्धं राहिलेलं पान निवांत पुरं केलं.