ओहोटीतला मान
ताज्या छपाईच्या शाईचा वास आला की मला आमच्या कोळीवाड्यातली ती नारळी पौर्णिमा आठवते. दोनदा आमदार आणि एकदा मंत्री झालेले आमचे साहेब त्या वर्षी पक्ष बदलून निवडणूक हरले होते. जेट्टी बांधून देण्याचं त्यांचं वचन हवेतच राहिलं होतं, आणि त्यावर मी लिहिलेल्या जळजळीत पत्रकांचा गठ्ठा माझ्या काखेत होता. दर्याला वाहायचा मानाचा नारळ एरवी तेच धरायचे. त्या संध्याकाळी मात्र ते गाडीशिवाय एकटेच आले आणि मिरवणुकीच्या मागे उभे राहिले. नारळ मिळेल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. वाजंत्री थांबली. मासळी विकणाऱ्या एका म्हातारीने सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ त्यांच्या हातात ठेवला. “घ्या सायेब, मान तुमचाच हाय. पन ओहोटी लागलीय न् जेट्टी काय न्हाय. चिखलातनंच जावा लागंल.” बायका खो खो हसल्या. साहेबांनी चपला काढल्या, लेंगा वर खोचला आणि गुडघाभर चिखल तुडवत ते पाण्यापर्यंत गेले. वाटेत घसरले, एक हात चिखलात रुतला, पण नारळ पडू दिला नाही. परतताना माझ्यासमोर थांबले आणि त्यांनी हात पुढे केला. “माझ्यावर लिहिलंयस ना, पोरी? आण इकडं.” गावभर मी ती पत्रकं बेधडक वाटली होती; तेव्हा मात्र गठ्ठा काखेत आणखी घट्ट दाबून धरला. आजही कुणाविरुद्ध लिहायला बसले की तो चिखलाने माखलेला हात मी डोळ्यांसमोर आणते, आणि त्यात ठेवता येणार नाही असं प्रत्येक वाक्य खोडते.