फ्लेक्सवरचा ब्लेझर

माझ्या थोरल्या भावाकडे ब्लेझर नाही. तरीही बदलापुरात, मांजर्लीच्या नाक्यावर, तो तीन आठवडे निळ्या ब्लेझरमध्ये उभा होता. मागे काचेचे मनोरे, डोक्यावर विमान. गळ्याच्या वरचा भाग त्याचा होता, खालचा सल्लागार कंपनीचा.

ही कंपनी लोकांना परदेशात कंपनी काढून देते. लायसन्स, व्हिसा, बँकेचे खाते, राहायला खोली, सगळे एकाच पॅकेजमध्ये. मुख्य कार्यालय आखातात आणि शाखा उल्हासनगरात, जीन्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. आत भिंतीवर चार शहरांची चार घड्याळे होती. त्यातली दोन बंद होती. आम्ही दोघांनी ते पाहिले आणि अर्ज मागितला.

दादा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात रबराची गास्केट बनवतो. दोन प्रेस मशिन, दोन माणसे आणि तो. त्याआधी आठ वर्षे तो दुसऱ्याच्या प्रेसवर पाळ्या करत होता. गाळा गेला तर पुन्हा तेच, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून निघण्यापूर्वी तो गाळ्याच्या मालकाला भेटला. मालक उल्हासनगरचे वयस्कर सिंधी गृहस्थ, सगळे त्यांना अंकल म्हणतात. ठरले ते असे: तीन महिने गाळ्याला दादाचे कुलूप राहील. तिकडे जमले तर प्रेस जहाजाने जातील, नाही जमले तर दादा परत येईल. कागद केला नाही. अंकलचे गाळे तोंडी शब्दावरच चालत आले होते.

अर्ज भरायच्या दिवशी मी दादाच्या शेजारी बसलो होतो. टेबलापलीकडच्या मुलीने विचारले, “सर, ॲक्टिव्हिटी काय टाकू?”

“आपलं रबरचं काम आहे,” दादा म्हणाला. त्या एसी खोलीत प्रेस, साचा, हाताला बसणारे चटके हे शब्द काढायला त्याला संकोच वाटला असावा.

“मग रबर ट्रेडिंग टाकते. पटकन अप्रूव्ह होतं.”

“टाका, जे बसेल ते.”

आमच्याकडे अर्ज टेबलापलीकडचा माणूस भरतो. आपण फक्त सही कुठे करायची ते विचारतो. मी वीस वर्षे वर्तमानपत्रात काढली. ‘म्हणजे नेमकं काय?’ हा प्रश्न मंत्र्यांपासून मुकादमापर्यंत सर्वांना विचारला. तिथे विचारला नाही.

फ्लेक्स पॅकेजमध्येच होता. व्यवस्थापक म्हणाला, “तुमच्या एरियात लावा सर. लोकांना कळलं पाहिजे.” लोकांना म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकांना. मजकूर लिहायचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मी लिहिले: ‘उद्योगासाठी आखातात रवाना होत असल्याबद्दल हार्दिक शुभेच्छा.’ व्यवस्थापकाचा निरोप आला, “पंच नाही सर. ‘कायमस्वरूपी स्थायिक’ टाका.” मी टाकले. संपादकाने बदल सुचवावा आणि उपसंपादकाने तो मुकाट्याने करावा, इतकी ती सवय जुनी होती.

दादा गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. त्याच्या नव्या कंपनीचे कार्यालय म्हणून त्याला एका हॉलमधले टेबल मिळाले होते. त्याच टेबलावर आणखी कितीतरी कंपन्या नोंदलेल्या होत्या, प्रत्येकीला आठवड्यातले ठराविक तास.

“थ्री-फेज लाइन कुठंय म्हणून विचारलं,” तो म्हणाला, “तर तिथल्या माणसाने मोबाइलचा चार्जर लावायची जागा दाखवली.”

पुढचे त्याला आठवड्याने कळले. त्याच्या लायसन्सवर रबराचा माल विकता येत होता, बनवता येत नव्हता. बदल करायचा तर नवा अर्ज. त्याला किती दिवस लागतील? प्रोसेसमध्ये आहे. कोण करणार? प्रोसेसमध्ये आहे. खोली कधी मिळेल? तीही प्रोसेसमध्येच होती. अज्ञानाला इतके टापटीप नाव मी दुसऱ्या कुठल्या कचेरीत ऐकलेले नाही.

एकोणिसाव्या दिवशी दादा परत आला. भर दुपारी, रिक्षाने. नाक्यावरच्या पानवाल्याने एकदा फ्लेक्सकडे पाहिले, एकदा रिक्षाकडे.

“काय शेठ, एवढ्यात? शेखने हाकललं की काय?”

“माल बघायला आलोय,” दादा म्हणाला. “परत जायचंय.”

एकदा असे बोलल्यावर तीन दिवस तो घराबाहेर पडला नाही. खिडकीतही उभा राहायचा नाही. चौथ्या दिवशी वहिनीने चहाचा कप त्याच्यासमोर आपटला. “अहो, तीन महिने सांगितलेत ना अंकलना? मग जा आणि कुलूप उघडा. घरात बसून आखातात असल्याचं कुणाला दाखवताय?”

आम्ही दोघे अंबरनाथला गेलो. गाळ्याचे दार उघडे होते. आत बायका शाम्पूच्या बाटल्यांना लेबले लावत होत्या. दोन्ही प्रेस मागच्या बोळात, उघड्यावर.

तिथून थेट उल्हासनगरला, अंकलच्या दुकानात. त्यांनी दादाला बसवले, थंडा मागवला आणि मोबाइल काढून पुढे धरला. पडद्यावर निळा ब्लेझर.

“मी तर तुझं कुलूप ठेवलं होतं, भाई. मग हे आलं ग्रुपवर. कायमस्वरूपी. छापून आलं म्हणजे पक्कं ना? सोमवारी पार्टी आली, मी दिला गाळा.”

“विचारायचं तरी, अंकल.”

“तुझा नंबर लागत नव्हता. आणि तुझा भाऊ पेपरवाला, तो खोटं थोडंच लिहील?” त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिले. “फोटो मात्र मस्त आलाय.”

परतताना रिक्षात दादाने विचारले, “तो शब्द तुझा होता?”

“त्यांचा. टाइप मी केला.”

त्या संध्याकाळी वहिनीने भाजीच्या सुरीने दोऱ्या कापून फ्लेक्स उतरवला.

दादा आता शेजारच्या गल्लीतल्या एका कारखान्यात पाळीवर आहे, दुसऱ्याच्या प्रेसवर. गेल्या महिन्यात त्या व्यवस्थापकाचा मला निरोप आला. बदलापूर गावातला एक जण निघाला आहे, मजकूर लिहून द्याल का, तुमच्या हाताला पंच आहे. मी विचारले, त्याला तिकडे नेमके काय बनवायचे आहे? उत्तर आले नाही. मी त्या माणसाचे घर शोधून काढले आणि त्याला बोळातले प्रेस दाखवायला घेऊन गेलो.

रविवार होता, दादा तिथेच होता. दर रविवारी तो जातो. गंज चढू नये म्हणून प्रेसच्या तव्यांना ग्रीस लावतो आणि दोन्ही यंत्रे झाकून ठेवतो. झाकायला तोच फ्लेक्स आहे. छापील बाजू तो आत करतो.