मालकांच्या बाजूची काच

मी बी.एस्सी. झालो, भौतिकशास्त्र घेऊन. आमच्या घरात पहिला. हे मी आजही न लाजता सांगतो. पण तेव्हा माझ्यापेक्षा जास्त ते बाबाच सांगत फिरत, आणि त्यातूनच ही भानगड उभी राहिली.

बाबा लाखनीतल्या एका धानगिरणीच्या मालकांकडे डायवर होते. आधी बैलबंडी हाकली, मग गिरणीचा ट्रॅक्टर. ऐंशी साल उलटल्यावर मालकांनी नाकाडोंगरीकडच्या खाणीतल्या एका साहेबांची जुनी विलायती मोटार घेतली आणि बाबांच्या हाती दिली. तिच्या काचा बटण दाबून खालीवर व्हायच्या. सुरुवातीला हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा थांबून बटण दाबून पाहत.

काही वर्षांनी मागच्या सीटची डावी काच मंदावली. मालक तिथंच बसत आणि तीच काच उघडत. बाकीच्या काचांना कोणी हात लावत नसे. ट्रक समोरून आला की ते बटण दाबून धरत, काच कण्हत कण्हत चढे, आणि तोवर धूळ त्यांच्या पांढऱ्या धोतरावर बसलेली असे.

गिरणीसमोरच्या चहावाल्याला विषयच मिळाला. "काय गा डायवर, तुही काच चढतपर्यंत साकोली येते म्हणते?"

नागपूरचा एक मिस्त्री येऊन पाहून गेला. म्हणाला, "काचेची मोटर गई. नवी भेटत नाही. काच वर करून खुट्टी ठोका." मालक वैतागले. रविवारी गोंदियाहून गिऱ्हाईक येईल, गाडी देऊन टाकू, असं त्यांनी ठरवलं. बाबांना म्हणाले, "तू आपला ट्रॅक्टरवर जा."

तेव्हा चहाच्या टपरीसमोर, सगळ्यांच्या देखत, बाबा बोलून बसले, "थांबा मालक. माहा पोरगा बीएस्सी आहे. तो करन."

घरी आल्यावर मला विचारलं, "तुले जमन ना, बाबू?"

"पाहतो."

"पाहतो नाही. मी सांगून आलो."

मी अशी गाडी आतून कधी पाहिली नव्हती. पण वीज मला माहीत होती, आणि बाबांना पुन्हा ट्रॅक्टरवर चढलेलं मला पाहायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरणीच्या आवारात दरवाजाचं आतलं अस्तर काढलं. बाबांनी दोन्ही तळहातांनी काच वर धरून ठेवली. मी काच उचलणाऱ्या दांड्यापासून मोटर सोडवली आणि बॅटरीवरून सरळ दोन तारा आणून तिला लावल्या. मोटर गरगर फिरली.

"ही तं चांगली आहे," बाबा म्हणाले.

"हो. तिच्यावर ओझं जास्त येऊन राहिलं."

मग मी बाजूच्या खोबणीत बोट घातलं, जिच्यातून काच सरकते. बोट चिकटलं. खरवडल्यावर तपकिरी, डिंकासारखा थर निघाला, त्यात गिरणीचा कोंडा रुतलेला. वास घेतला. वास ओळखीचा होता, आमच्या स्वयंपाकघरातला.

"बाबा, इथं जवसाचं तेल कोणी घातलं?"

"मी. दर सोमवारी. मालक बसतेत ना इथं. काच सरकली पाहिजे." मग माझ्या तोंडाकडे पाहून, "काहून?"

बैलबंडीचं लाकूड ते जन्मभर जवसाच्या तेलानं राखत आले होते. ते तेल हवेत वाळतं, घट्ट होतं. म्हणून तर लाकडावर बसतं, म्हणून रंगात मिसळतात. काच जड चालली की बाबा आणखी तेल घालत. मी हे त्यांना समजावून सांगितलं. ते काच तेवढी धरून राहिले.

दिवसभर मी रॉकेलच्या चिंध्या काडीला गुंडाळून खोबण खरवडत होतो. दुपारनंतर बोटं सोलली. चहावाला येऊन म्हणाला, "बीएस्सीत चिंध्या घासाले शिकवते का गा?" मी म्हटलं, "हो, शेवटच्या वर्षाले." आणि घासत राहिलो. मग साबणाच्या पाण्यानं रॉकेल पुसलं, खोबण वाळू दिली, आणि सायकल दुकानातून ट्यूबला लावायची शंखजिऱ्याची पूड आणून आत फुंकली. मोटर परत जोडली. काच एका दमात चढली. बाबांनी ती पाचसहादा खालीवर करून पाहिली आणि मीच म्हटलं, आता पुरे.

रविवारी टपरीसमोरच मालकांनी स्वतः बटण दाबलं. काच गेली वर.

"मोटर बदलली का रे?" त्यांनी मला विचारलं.

मी नाही म्हटलं. बाबांचं नाव न घेता दोष धुळीवर ढकलावा असं माझ्या मनात होतं. तोंड उघडणार तोच बाबा पुढं आले. "मोटर चांगलीच होती, मालक. मी जवसाचं तेल घालत होतो. त्यानंच काच जाम झाली."

चहावाला कपबशा विसळायचा थांबला. मालकांनी बाबांकडे पाहिलं, मग काच पुन्हा खाली केली, पुन्हा वर.

"म्हणजे गाडी धड होती, आन् मी विकून राहिलो होतो."

"हो."

"आता घालू नको."

"नाही घालत."

मालक आत बसले आणि मला म्हणाले, "गोंदियावाला आला तं त्याले चहा पाज, आन् गाडी विकाची नाही म्हणून सांग." मग बाबांना, "चाल, तुमसरले जायचं आहे."

बाबा स्टेअरिंगवर बसले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं नाही. हायवेवर चढताना दोन्हीकडून ट्रक येत होते, तिकडे त्यांचं लक्ष होतं. मी टपरीच्या बाकावर बसून गोंदियावाल्याची वाट पाहू लागलो.