पेणचे डोळे आणि रागावलेला चेहरा

चेहऱ्यावर भाव आणणं हे आमच्या घरात माझं खातं कधीच नव्हतं. मी रोह्यातल्या एका कंपनीत माल मोजतो आणि पास की नापास ते ठरवतो. भाव आणते माझी मुलगी, मृण्मयी.

आमच्या गावकऱ्यांचा मोबाइलवर एक मोठा ग्रुप आहे. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावापासून थेट दुबईपर्यंतची माणसं! त्यांनी ठरवलं, की गप्पांत टाकायला आपले स्वतःचे इवलेसे चेहरे हवेत: हसरा, रडका, लाजरा, रागावलेला. काम मिळालं मृण्मयीला. तिचं पहिलंच काम! (मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगितलं. जे सुटले त्यांच्यासाठी पुढच्या शिफ्टला थांबलो.) अट एकच: रविवारी संध्याकाळी चेहरे ग्रुपला पटले पाहिजेत, नाहीतर काम दुसऱ्याकडे.

शनिवारी तिने मला नमुने पाठवले. नाक आहे, तोंड आहे, डोळे नाहीत!

"डोळे जमत नाहीयेत, बाबा. पण तुम्ही मध्ये पडू नका हां."

मध्ये पडू नका? सख्खा मामा पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो, आणि भाचीचे चेहरे आंधळे? रविवारी सकाळी मी गुपचूप नमुने छापून घेतले आणि पेणची गाडी पकडली.

मेव्हणा खूश. "भाचीचं काम हाय? आना हिकडं, भावोजी!"

त्याने बारीक ब्रश घेतला, श्वास रोखला आणि डोळे काढत गेला. मी खिशातून स्टीलची पट्टी काढून प्रत्येक जोडी मोजत गेलो.

"भावोजी, डोळे मोजताय काय?"

"डावा-उजवा केसभरही फरक नाही! पास!"

"मंग! हात बसलाय आपला."

तिथेच फोटो काढून मी ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं: 'चि. मृण्मयीची कला. अभिप्राय द्यावा.'

गाडीत बसतो न बसतो तोच पहिला अभिप्राय आला: 'गणपती बाप्पा मोरया!' दुसरा: 'मोरया!' माझी छाती फुगली. तिसरा दुबईहून, माझ्या बालमित्राचा, इक्बालचा: 'छान रे. पण यातला रागावलेला कुठला?'

मी चष्मा पुसला. हसरा कृपाळू. रडका कृपाळू. रागावलेला तर सर्वांत कृपाळू! हात काढला असता तर आशीर्वादच दिला असता. मापं बिनचूक होती, पण भाव मी तपासलाच नव्हता. (आमच्या तक्त्यात तो रकाना नाही.)

तोवर ग्रुप पेटला होता. 'मटणाच्या फोटोखाली हा कसा टाकायचा?' 'एकदा टाकला की विसर्जन केल्याशिवाय पुसता येईल का?'

घरी पोचलो, तर मृण्मयी दारातच उभी होती. डोळ्यांत पाणी. "बाबा, हा रागावलाय की पावलाय?"

"तुझ्या मामाला विचार!"

आतून बायको कडाडली, "माझ्या भावाला नावं ठेवायची नाहीत! त्याने जन्मात रागाचे डोळे काढलेले नाहीत."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"जाताना विचारलंत?"

इथे माझा तोल गेला. पट्टी नाचवत मी ओरडलो, "माप चुकलेलं नाही! एकही माप चुकलेलं नाही!"

"बाबा, हलू नका!" मृण्मयीने पेन्सिल उचलली. "तसेच ओरडत राहा."

राहिलो. डोळ्यांचा विषय संपला, तेव्हा कंपनीतला नापास माल आठवून ओरडलो. दमल्यावर माझा चेहरा पडला, तो रडक्याला लागला. ते बघून बायको हसली, ती हसऱ्याला लागली. "हिला हसताना बघून मी लग्नाला होकार दिला होता," मी म्हणालो, आणि लाजराही मिळाला!

संध्याकाळी सगळे चेहरे मंजूर. रागावलेला तर ग्रुपचा लाडका झाला. इक्बालने लगेच लिहिलं: 'अरे, हा तर तूच!' आता कॅन्टीनमधली पोरंही मला सकाळी नमस्काराऐवजी तोच पाठवतात. अभिमान वाटतो. पोरीने बापाला सातासमुद्रापार नेलं!

फक्त एक गोष्ट खटकत होती. स्क्रीनवर पट्टी लावली, तर डावी भुवई उजवीपेक्षा चांगलीच वर.

"मृण्मयी, इथे माप चुकलंय."

"आरशात बघा, बाबा."

पट्टी घेऊन आरशासमोर उभा राहिलो. पोरीचं काम तंतोतंत आहे. नापास आहे तो मूळ माल!