वैशाखातलं घोंगडं

देव भक्ताची परीक्षा घेतो, असं लहानपणापासून ऐकत आलो. माझी शंका वेगळी होती. मला वाटायचं, देवानं मला चुकून पास केलं आहे, आणि एक दिवस ती चूक त्याच्या लक्षात येणार.

एकोणीसशे साठ उलटून बरीच वर्षं झाली होती. अकोटच्या कापूस बाजारात मी लिलाव पुकारत असे. गाड्यांच्या रांगेतून हिंडायचं, एखाद्या गाडीवर चढायचं, मूठभर कापूस उन्हात धरून व्यापाऱ्यांना चिडवायचं आणि बोली चढवायची. एक वार, दोन वार, तीन वार! गळ्यात तुळशीची माळ, ओठांवर विठ्ठल, आणि आवाज असा की झोपलेले बैल उठून जुवाखाली येऊन उभे राहावेत. सौदा आणि नाटक यांत फरक असतो हे मला कधी पटलं नाही.

याच्या आधी एकदा माझं डोकं फिरलं होतं. चांगलं दणक्यात फिरलं होतं. कित्येक रात्री झोप नाही, तरी अंगात दहा माणसांचं बळ. मारुतीच्या पारावर चढून मी अकोल्याचं रेल्वे स्टेशन लिलावात काढलं, इंजिनासकट. बोली सुरेख चढली, कारण ती मीच लावत होतो. लोक पोट धरून हसले. मग त्याच आनंदात मी विहिरीच्या काठावर जाऊन उभा राहिलो आणि पाण्यावर चालून दाखवतो म्हणालो. माझी बायको सरू धावत आली. तिनं माझ्या धोतराचा सोगा मनगटाला गुंडाळला आणि पाय रोवून मला धरून ठेवलं. तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी लिथियम नावाचं औषध सुरू केलं. ते म्हणाले, "हे एक प्रकारचं मीठच आहे. तुमचं डोकं जागेवर ठेवील. पण अंगात जास्त साठलं तर विष होतं. पाणी भरपूर प्या, जेवणातलं मीठ तोडू नका, निर्जळी उपास बंद, आणि रक्त तपासायला येत राहा." मी पुड्या घेत राहिलो. डोकं जागेवर आलं. बरं वाटू लागल्यावर नागपूरला जायचं मात्र हळूहळू राहून गेलं. पुड्यांचं घरात सरूलाच ठाऊक. गाव म्हणे, विठ्ठलानं बरं केलं. विठ्ठलाचं नाव खाली पडू नये म्हणून मीही काही बोललो नाही.

पुढे एका हंगामात मी मंदावलो. बोलणं जड झालं, पाय जड झाले. "दोन वार" म्हटल्यावर "तीन" तोंडातून निघायला इतका वेळ लागायचा की व्यापारी चुळबुळ करत आणि मधेच कुणीतरी भाव वाढवून टाके. व्यापारी दात-ओठ खात, शेतकरी हात जोडत. हिवरखेडच्या नामदेवरावांची गाडी अशीच चढ्या भावानं गेली. त्यांनी भर बाजारात माझे पाय धरले.

"भाऊ, तुमच्या तोंडून तीन निघत नाई, अन् भाव चढूनच राहिला! देव बसला तुमच्या जिभेवर."

मी म्हणालो, "उठा हो, नामदेवराव." पण तेही इतक्या सावकाश म्हणालो की त्यांना तो आशीर्वाद वाटला.

मग वैशाख आला. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटणार नाही. गाव ओल्या पंच्यांत डोकं गुंडाळून बसलेलं, आणि मी ओसरीवर काळं घोंगडं पांघरून. मला थंडी वाजत होती. घामाचा टिपूस नाही. बातमी पंचक्रोशीत गेली आणि भाऊचा महाराज झाला. महाराजांना ऊन लागत नाही! चेहरा सुजला, तर लोक म्हणाले तेज आलं. आवाज घोगरा झाला, तर म्हणाले ओंकार लागला. मी तासन् तास गप्प बसे, त्याला समाधी म्हणत. पोटही समाधीत गेलं होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. गळ्यातली माळ घट्ट होत चालली. मला वाटलं, पांडुरंग पकड आवळतो आहे.

खरं सांगतो, वाचकहो, मला हे आवडू लागलं होतं. जन्मभर आरडाओरडा करणाऱ्या माणसानं देवाजवळ शांती मागितली होती, आणि ही आलीच की! फक्त तिच्यात गोडी नव्हती. नाव घ्यायला बसलो की झोप येई. अभंग आठवत नसत. सरू काही बोलली तर हसायचं असतं हे उशिरा सुचे, तोवर ती चुलीपाशी गेलेली असे.

एके दिवशी नामदेवरावांच्या हाती माझी औषधाची पुडी लागली. ते दुखावलेच.

"महाराज, तुमाले औषध कायले पायजे? इतकं उतरलं देवाचं देणं, अन् तुमी पुड्या खाऊन राहिले! द्या विहिरीत फेकून. पुनवेपासून निर्जळी बसा. आमी भजन लावतो."

मला ते पटलं. पटायलाही बराच वेळ लागला, पण पटलं. सरूला सांगितलं तेव्हा ती दळण निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"पुड्या तुमी सोडा," ती म्हणाली. "मंग सोगा मी सोडू का?"

मी घोंगडं सावरलं आणि ओसरीवर परत गेलो.

पुनवेच्या दिवशी ओसरी माणसांनी भरली. तबलजी हातोडीनं तबला लावत होता. विहिरीत सोडायच्या पुड्या ताटात ठेवल्या होत्या, त्यांना हळदकुंकूसुद्धा लावलं होतं. रांगेत अमरावतीहून आलेली एक म्हातारी होती आणि तिच्यामागे तिची मुलगी, चष्मा लावलेली, तिशीची, आईच्या हट्टापायी आलेली. म्हातारीनं पाय शिवले. मग मुलगी वाकली. तिनं पायावर हात ठेवला आणि उचललाच नाही. बोटांनी कातडी चाचपली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि माळेकडे.

"ही माळ आधीपासून इतकी घट्ट आहे?"

"नाही," मी सावकाश म्हणालो.

"मी डॉक्टर आहे. जरा खुर्चीवर गुडघे टेकता का? तोंड भिंतीकडे, पावलं बाहेर लोंबू द्या."

लोकांना वाटलं, बाईचा काही नवस असेल. मी घोंगड्यासकट खुर्चीवर चढलो. तिनं तबलजीच्या हातून हातोडी घेतली आणि माझ्या टाचेच्या वरच्या शिरेवर टक् केलं. पाऊल उडालं. आणि मग आमच्या अकोट-अकोला गाडीसारखं, प्रत्येक स्टेशन घेत, सावकाश खाली आलं. कुणीतरी "विठ्ठल विठ्ठल" म्हणालं.

"कोणतं औषध चालू आहे?" तिनं विचारलं.

  एवढ्या भक्तांसमोर वेडाच्या औषधाचं नाव घ्यायचं म्हणजे गादीवरून उतरायचं. सरू पुढे आली आणि पुड्यांचं ताटच तिच्या हाती दिलं. "लिथियम हाये, बाई. डोकं फिरलं होतं याईचं."

डॉक्टरीणबाईंनी ताट घट्ट धरलं. त्यांनी विलायतेच्या डॉक्टरी मासिकात अगदी नुकतंच वाचलं होतं, की हे औषध घेणाऱ्या काहींच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी फुगते आणि मंदावते, आणि तिच्याबरोबर माणूसही.

"म्हंजे महाराजले ऊन लागत नाई ते..." नामदेवराव चाचरले.

"काका," त्या म्हणाल्या, "याईले थंडी वाजून राहिली. दुसरं काई नाई."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुड्या एकदम टाकल्या असत्या तर डोकं पुन्हा फिरलं असतं. आणि या उन्हात पुड्या घेऊन निर्जळी बसलात तर तेच मीठ विष होईल. दोन्हीकडून विहीरच. आधी पाणी प्या. उद्या नागपूरला जा."

ओसरी रिकामी झाली. नामदेवराव तेवढे थांबले, आणि पाण्याचा तांब्या त्यांनीच आणून दिला.

नागपूरला रक्त तपासलं, बाईंचं म्हणणं खरं निघालं. तिथल्या डॉक्टरांनी लिथियमचं माप कमी केलं आणि सोबत थायरॉईडची गोळी दिली. ती कशाची, असं मी विचारायला नको होतं. मेंढरांच्या गळ्यातली ग्रंथी वाळवून केलेली भुकटी! घरी येऊन मी गोळी समोर ठेवून बसलो. मी माळकरी माणूस. पिढ्यान् पिढ्या घरात अंडं आलं नाही. "मरण आलं तरी चालेल," मी घोगऱ्या आवाजात जाहीर केलं. नाटक करण्याइतकी धुगधुगी उरली होती.

सरूनं माझ्या खांद्यावरचं घोंगडं चिमटीत धरलं. "हे कायचं हाये?"

"मेंढराच्या लोकरीचं."

"अंगावर अख्खं मेंढरू घेऊन देव देव चालते तुमचं, अन् घशाखाली गोळीभर काहून नाई चालत? त्या जीवानं आपला गळा तुमाले देला. घ्या, अन् त्याच्या नावानं एक अभंग म्हना."

मी गोळी घेतली. त्या क्षणी, शपथेवर सांगतो, मला पहिल्यांदा शरण जाणं म्हणजे काय ते कळलं. तोवर मी देवाला माझ्या अटींवर शरण गेलो होतो. माझं सोवळं, माझी शांती, माझी गादी. त्यानं ते सगळं काढून घेतलं आणि बदल्यात पुडी दिली, गोळी दिली, सरू दिली. आणि हे सांगायला तो स्वतः चष्मा लावून आला तेव्हा माझ्याच पाया पडून गेला.

पावसाळ्यात घोंगडं खुंटीला गेलं. दसऱ्यापर्यंत माळ सैल झाली, अभंग परत आले, आणि सरू बोलली की मी वेळेवर हसू लागलो. नव्या हंगामात पहिल्याच गाडीवर मी खणखणीत "तीन वार" ठोकलं, तर नामदेवराव खालून ओरडले, "अजी महाराज, तीनची इतकी घाई काहून? जरासं आजारी पडा ना!"

आता रोज सकाळी एका हातावर पुडी, दुसऱ्यावर गोळी घेऊन मी नमस्कार करतो. नागपूरची वारी चुकवत नाही. अकोल्याला जाताना कधी धनगराची मेंढरं रस्ता अडवतात. एसटी थांबते, लोक करवादतात. मी जागेवरून उठतो आणि शेवटचं मेंढरू जाईपर्यंत हात जोडून उभा राहतो. लोक बघतात, त्यांना वाटतं, याचं थोडं वेड अजून शिल्लक आहे.  शेजारी बसलेली सरू माझ्या धोतराचा सोगा तेवढा हातात धरून असते.