खोलीत मावण्यापुरती

वयनी कधी एकदम उठत नसे. आधी खांबाला हात लावी, डोळे मिटी आणि म्हणे, "थांबा भावोजी, घर फिरतंय. ते थांबलं की उठते." आम्ही हसायचो. तीही हसायची.

ती मूळची अशी नव्हती. कुडपणच्या आमच्या वाडीत तिच्याइतकी भरल्या अंगाची, दणकट बाई दुसरी नव्हती. डोक्यावर दोन हंडे घेऊन ती झऱ्यावरची चढण न थांबता चढे. दादा मुंबईला गिरणीत होता. गणपतीला आला तेव्हा तिने विचारलं, मला कधी नेणार? तो म्हणाला, "खोली एवढीशी हाय गो. मावशील काय तिच्यात?" घरातले सगळे हसले. तिने मात्र ते मनावर घेतलं. अंग उतरायच्या गोळ्या मिळतात असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. तिने हट्ट धरला आणि दादाने तिकडच्या कुठल्याशा डॉक्टरच्या गोळ्या पाठवल्या.

गोळीने भूक मेली. त्यावर तिने सोमवार, शनिवारचे उपासही धरले. देवाचा आणि डॉक्टरचा गुण एकदम यावा, असं तिला वाटत असावं. दुपारपर्यंत हातपाय गळून जात. मग तिने आपल्या युक्त्या काढल्या. हंडा एकच आणायचा. चढणीवर मध्येच बसायचं. मीठ घातलेली नाचणीची पेज दोन घोट प्यायची. दरीकडच्या वाटेने डोंगराच्या अंगाला हात लावत चालायचं.

मी तेव्हा महाडला कॉलेजात होतो. घरात शिकणारा मी पहिलाच, त्यामुळे मला औषधातलंही कळतं असं सगळ्यांना वाटे. खरं तर काही कळत नव्हतं. मी तिथल्या एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गोळी आणि उपास एकत्र नको, बाईंना घेऊन या. घरी येऊन मी सांगितलं ते वयनीने शांतपणे ऐकलं. "शिमग्याला हे येतील. तवर नाय सोडायची."

शिमग्याला दादा आला. वयनी लग्नातली चोळी घालून दारात उभी होती. चोळी खांद्यांवरून ओघळत होती. दादाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आईला म्हणाला, "ही तर आजारी दिसतेय. मुंबईत हिला कोण बघंल? ऱ्हाऊ दे हितंच."

वयनी आत जाऊन चुलीपाशी बसली. चक्कर आली असेल म्हणून मी पाणी घेऊन धावलो. तिने ताट पुढे ओढलं होतं आणि भात वाढून घेत होती. पुरुषांच्या आधी बाई जेवलेली आमच्या घरात मी कधी पाहिली नव्हती. आई काही बोलणार, तोच ती म्हणाली,

"भूक नाय मला. पण आज मी आधी जेवणार."

आम्ही पुरुष ओटीवर तिचं जेवण होण्याची वाट बघत बसून राहिलो. दादाही.