मी नुसतं व्हय म्हणत गेलो

"तुमच्या दोन्ही कानांना सेन्सोरीन्यूरल हिअरिंग लॉस आहे," डॉक्टर म्हणाले.

मी म्हणालो, "व्हय."

"म्हणजे काय, कळलं का?"

"व्हय."

"मी आत्ता काय बोललो ते सांगा बरं."

शेजारी बसलेली माझी बायको शोभा म्हणाली, "साहेब, त्यांना कायबी ऐकू आलं न्हाई. ते सगळ्यालाच व्हय म्हणतात."

हा संवाद मला तिनंच घरी आल्यावर कानाशी तोंड नेऊन सांगितला. ज्याच्या आजाराबद्दल बोलणं चाललं होतं, त्याला सगळ्यांत शेवटी कळलं.

सेन्सोरीन्यूरल म्हणजे कानाच्या आतल्या भागाचा आणि नसेचा दोष. आवाज येतो, पण शब्द सुटे होऊन येत नाहीत. भिंतीपलीकडं कुणी बोलावं तसं वाटतं. मळ काढून किंवा कोमट तेल घालून हे बरं होत नाही. मी गुपचूप दोन्ही करून पाहिलं होतं.

मी त्रेपन्न वर्षांचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. हा त्रास चार वर्षांचा. पहिलं लक्षण म्हणजे मी उशिरा हसायला लागलो. शिक्षकांच्या खोलीत विनोद झाला की आधी सगळे हसत, मग मी. एकदा एक सर तोंड वेडंवाकडं करून काही सांगत होते. मी आपला अंदाजानं हसलो. ते दाढदुखी सांगत होते.

वर्गात पोरं सतराचा पाढा म्हणत, मी "बराबर" म्हणायचो. त्या चार वर्षांतली जी लेकरं आज सतरा सक एकशे बारा म्हणत असतील, त्यांची चूक नाही.

एवढ्यावर माणूस डॉक्टरकडं जातो. मी टेकडीवर राहायला गेलो.

हिंगोलीहून कनेरगाव नाक्याकडं जाताना उताराला एक वसाहत आहे. कडुलिंब, करंज, मागं सीताफळीची झुडपं. अकरा प्लॉट आणि राहती घरं चार. मला गावातला गोंगाट सहन होत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे गोंगाटात काय बोललं जातंय ते मला समजत नव्हतं. तिथं माणसं कमी, म्हणजे "काय म्हणलात?" कमी. मी शांततेसाठी गेलो नाही, लपायला गेलो. सोबत शोभाला नेलं. गावातल्या गल्लीत तिची बावीस वर्षं गेली होती.

टेकडीवर माझं उत्तम चाललं, ते 'व्हय' या एका शब्दावर. आमच्याकडं हा फार सोयीचा शब्द आहे. जरा वर नेला की आश्चर्य, खाली सोडला की होकार, लांबवला की सहानुभूती. समोरच्याचा चेहरा बघून सूर लावायचा. पाहुणे आले की मी म्हणायचो, "किती शांत आहे बघा." पाहुणे एकमेकांकडं बघत. का बघत, ते पुढं कानाला मशीन लावल्यावर कळलं. छतावर मोर ओरडत असत, पलीकडच्या पत्र्यावर वानरं उड्या मारत असत. आवाज भरपूर होता. नव्हतं ते फक्त माणसाचं बोलणं.

मग तो रविवार आला. सकाळी आखाडा बाळापूरहून माझा मेव्हणा दत्तराव पिकअप घेऊन दारात उभा. मला वाटलं, झाडांना शेणखत आणलं.

तो काहीतरी म्हणाला. मी म्हणालो, "व्हय. मागं लिंबाखाली टाका."

"पलंग? लिंबाखाली?" हे मात्र तो इतक्या जोरात म्हणाला की मला ऐकू आलं.

तेवढ्यात ड्रायव्हरनं आणि त्यानं मिळून घरातलं कपाट अंगणात आणलं.

"काहून उचलून राहिले, दत्तराव?"

"दाजी, आता काहून इचारता? तुमीच तर परवानगी दिली म्हणं."

शोभा पिशवी घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि एकेक शब्द वेगळा करून बोलली. "गुरुवारी तुमाला इचारलं. दादा गाडी घेऊन येतो, मी बाळापूरला जाते, तुमी राहा इथं. एवढी मोठी गोष्ट बोलले मी. तुमी व्हय म्हणलं अन् झाडाला पाणी घालायला गेले."

अंगणात कपाट उभं होतं. त्याच्या आरशात मी मला दिसत होतो.

"मला ऐकू येत न्हाई," मी म्हणालो. चार वर्षांत पहिल्यांदा.

दत्तराव म्हणाला, "आता येत न्हाई का आधीपासून?"

शोभा तिथंच पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशी तिनं मला हिंगोलीत कानाच्या डॉक्टरकडं नेलं. कपाट उन्हात नको म्हणून दत्तरावनं परत आत लावलं. शिव्या तेवढ्या पुटपुटत घातल्या असाव्यात, कारण त्याचे ओठ बराच वेळ हलत होते.

तपासणीचं नाव ऑडिओमेट्री. एका बंद खोलीत बसवून कानावर हेडफोन लावतात. बारीक टीं असा आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. दुखत काहीच नाही. पण मी आयुष्यभर परीक्षा घेतलेला माणूस, नापास व्हायची तयारी नव्हती. काचेपलीकडं बसलेल्या मुलीचा हात हलला की मी बटण दाबायचो. थोड्या वेळानं ती आत आली, हेडफोन काढला आणि मोठ्यानं म्हणाली, "काका, मी पेन उचललं होतं. आवाज अजून सोडलाच नाही." मग तिनं माझी खुर्ची भिंतीकडं फिरवली. वर्गात मी पोरांना असंच बसवतो.

बाहेर बाकावर चारजण होते. प्रत्येकासोबत जोरात बोलणारं एकेक माणूस होतं. कुणाचं काय दुखतं, हे तिथं गुपित राहत नाही.

दहा दिवसांनी हिअरिंग एड मिळालं. कानामागं बसणारं छोटं मशीन. पहिल्या दिवशी भाकरी चावली तर डोक्यात खडी फुटल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले होते, "घाई करू नका. मेंदूला ऐकायची सवय पुन्हा लागावी लागते." तिसऱ्या दिवशी परसातून बोलण्याचा आवाज आला. शोभा कढीपत्त्याशी बोलत होती. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची गुडघेदुखी वाढली, सगळं.

"झाडाशी काहून बोलतेस?"

"ते मधीच उठून जात न्हाई," ती म्हणाली.

खरी तकलीफ पुढंच होती. शोभाला माझी दया यायला लागली. "बिचाऱ्याला ऐकूच येत न्हवतं, अन् मी उगं राग धरला," असं ती फोनवर बहिणीला सांगायची. ताटात रोज गोडधोड. आठ दिवस मी खाल्लं. नवव्या दिवशी मी शिऱ्याला हात लावला नाही.

कारण त्या गुरुवारचं न ऐकणं खरं होतं, पण त्याआधीच्या संक्रांतीचं खोटं होतं. त्या दुपारी ती अगदी जवळ बसून म्हणाली होती, "मला इथं करमत न्हाई. आपण परत जाऊ." मला शब्दन् शब्द ऐकू आला होता. मी "व्हय?" म्हणालो आणि झाडाला आळं करायला गेलो. नंतरही दोनदा तसंच केलं. बहिरेपणाचा मला फायदा होता आणि मी तो घेतला.

हे मी तिला सांगितलं. मशीन चालू ठेवून, तिच्या समोर बसून.

मग तिनं माझ्यासमोरचं शिऱ्याचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. परत येऊन बसली. "आता नीट ऐका," म्हणाली, आणि टेकडीवरच्या दोन वर्षांचं सगळं सांगितलं. मी एकदाही व्हय म्हणालो नाही. शेवटी विचारलं, "कोणत्या गल्लीत घर बघू?"

ज्यांच्या घरात कुणी उशिरा हसतंय, टीव्ही मोठा करतंय किंवा अचानक शांततेचं गुणगान करतंय, त्यांनी त्याला एकदा तपासायला न्यावं. आणि ज्याला स्वतःला हे वाचून घाम फुटला असेल त्यानं उद्याच जावं. काचेपलीकडच्या मुलीकडं बघू नये. तिचे माझ्यावर उपकार आहेत.

आम्ही आता हिंगोलीत दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. दुपारी चारला गल्लीतल्या बायका येतात आणि शोभा त्यांना पिकअपची गोष्ट सांगते. दर वेळी कपाट थोडं मोठं होतं आणि मी थोडा मूर्ख. मी पलीकडच्या खोलीत वह्या तपासत असतो. मशीन कानातून काढलं की काहीच ऐकू येणार नाही, हे मला माहीत आहे. मी काढत नाही. तिचं हसणं त्यातच आहे.